लेक रडून सुजलेल्या डोळ्यांनी घरी आली आणि मी विचारलं, "कोणतं वचन?"

एका_मुलीचा_बाप

सर्वांना सलाम. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितोच.

माझी लेक १९ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात ती मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, युवक शिबिराहून परत आली, तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. बॅग दारातच टाकली, चपला अजून पायातच, आणि म्हणाली, "पप्पा, काल रात्री प्रार्थनेत मला कळलं की देवाचं माझ्यावर खरंच प्रेम आहे. म्हणजे माहीत होतं हो, पण काल कळलं." डोळे सुजलेले, आवाज बसलेला. आणि मी, देवा मला क्षमा कर, हातातलं पुस्तक मिटलं आणि पहिला प्रश्न विचारला, "संदेश बायबलच्या कोणत्या वचनावर होता?"

माझ्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा उतरला. तिने वाकून चपला काढल्या, जोडीने भिंतीला लावून ठेवल्या आणि आत निघून गेली. एरवी ती चपला कधीच नीट ठेवत नाही. त्या चपलांकडे बघत मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

मी असा का झालो तेही सांगायला हवं. २२ वर्षांपूर्वी माझ्या ताईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. त्याच आठवड्यात एका सभेत बाहेरून आलेल्या सेवकाने, म्हणजे प्रचारकाने, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की प्रभू म्हणतो तू बरी झालीस, आता ऑपरेशन करशील तर तो अविश्वास ठरेल. ताईने तारीख रद्द केली. त्या वेळी अंगातून ऊब फिरल्यासारखी वाटली, असं ती सांगायची. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. सात महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा उशीर झाला होता. पुढच्या वर्षी ती गेली. तिला मातीत ठेवून परतताना मंडळीतलं कुणीतरी माझ्या कानाशी लागून म्हणालं, "विश्वास कुठेतरी कमी पडला असणार."

त्या एका वाक्यानंतर मी शास्त्राकडे धावलो. पत्राद्वारे ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम केला. सुरुवातीच्या शतकांत ख्रिस्ती शिकवण ठरवणाऱ्या मंडळ्यांच्या परिषदा वाचल्या. नायसिया ३२५, कॉन्स्टँटिनोपल ३८१, खाल्सेदोन ४५१ या तारखा मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येतील. आणि मनापासून सांगतो, त्या अभ्यासाने मला सावरलं. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, हे कुणाच्या अंगावर काटा आला म्हणून खरं ठरत नाही, आणि नाही आला म्हणून खोटंही ठरत नाही. अशा गोष्टीवर पाय रोवून उभं राहता येतं. गेली १२ वर्षं मी मंडळीत शास्त्राभ्यासाचा वर्ग घेतो. बायबलमधलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र तर तीनदा शिकवून झालं.

पण आता माझ्यात काहीतरी बिघडलंय. मागच्या शुक्रवारी प्रार्थनासभेत एक बाई साक्ष द्यायला, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभ्या राहिल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "बायबलमध्ये लिहिलंच आहे, जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो." हे बायबलमध्ये कुठेही नाही, हे माझ्या मनात लगेच आलं. त्यांचा घर सोडून गेलेला मुलगा चार वर्षांनी परत आलाय, हीच त्यांची साक्ष होती, हे मात्र मला सभा संपल्यावर, लोक त्यांना मिठ्या मारत होते तेव्हा उमगलं. घरी प्रार्थनेला गुडघे टेकतो आणि पाच मिनिटांत पुढच्या वर्गाची टिपणं सुचायला लागतात.

शिबिराहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने विचारलं, "पप्पा, तुम्हाला कधी काही जाणवलंय का? खरं सांगा." उशीर झालाय असं सांगून मी घराबाहेर पडलो.

तिच्या या अनुभवाशी मी कसं वागू? ताईची वाट तिच्या वाट्याला येऊ नये, आणि ती माझ्यासारखीही होऊ नये. शिकवण आणि अनुभव यांचा मेळ तुम्ही रोजच्या जगण्यात कसा घालता? "समतोल ठेवा" एवढंच कृपया सांगू नका. तो कसा ठेवायचा तेच मला कळत नाहीये.

रात्रपाळीची_सिस्टर

भाऊ, आधी तुमच्या ताईबद्दल बोलते.

मी ३१ वर्षं नर्स होते, आणि जिथे अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषांत, प्रार्थना होते, आजाऱ्यांवर हात ठेवले जातात, अशा मंडळीतच लहानाची मोठी झाले. आजही तिथेच जाते. म्हणून हे माझ्यासारखीनेच म्हणायला हवं. तुमच्या ताईला जे सांगितलं ते चूक होतं. "उत्साहाच्या भरात जरा जास्त झालं" वगैरे काही नाही, सरळ चूक. आणि तुमच्या कानात जे कुणी बोललं ते तर त्याहून वाईट.

शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं, तर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, तुझा विश्वास कमी आहे असं लिहीत नाही. आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे गेला. आणि हा तोच पौल, ज्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी इफिसात आजारी बरे होत होते. ज्याच्या हातून आरोग्यदान होत होतं त्यानेच आपला सोबती आजारी ठेवून पुढचा प्रवास केला आणि ते लपवलंही नाही, पत्रात लिहिलं. आमच्या मंडळीत आरोग्यदानावर शिकवण असते तेव्हा हे वचन वाचलंच जातं.

आता त्या उबेबद्दल. ताईला ऊब जाणवली असेलच, माझा विश्वास आहे. पण वॉर्डात मी काय पाहिलं ते सांगते. पेशंट म्हणतो, "सिस्टर, डावा हात दुखतोय." दुखणं अगदी खरं असतं. पण बिघाड हातात नसतो, हृदयात असतो. आता "तुला काही दुखत नाही, उगाच वाटतंय" म्हणणारा डॉक्टर पेशंटला मारेल, आणि "बरं, हाताला मलम लावू" म्हणणाराही मारेल. पेशंटचं ऐकायचं सगळं, एकही शब्द टाकून द्यायचा नाही, पण निदान करायला शरीराचं शास्त्र माहीत असावं लागतं. ताईची ऊब खरी आणि तिच्यावर दुसऱ्याने चिकटवलेला अर्थ खोटा, असं असू शकतं. कदाचित प्रभू तिला ऑपरेशनसाठी धीर देत असेल. कोण जाणे. पण तिथे पारख करणारं कुणी नव्हतं.

आमच्याकडे एक नियम आहे, वाईट अनुभवातूनच आलेला. कुणाला दुसऱ्या माणसासाठी प्रभूकडून काही संदेश आहे असं वाटलं, तर तो आधी मंडळीतल्या दोन वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, सांगायचा. आणि औषधपाणी, लग्न, पैसा या तीन गोष्टींबद्दल कुणीही कुणालाही "प्रभू म्हणतो" असं म्हणून सांगायचं नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला हेच सांगितलं होतं, संदेष्ट्यांपैकी दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. थेस्सलनीकाच्या पत्रात तर दोन्ही गोष्टी एका दमात आहेत. आत्म्याला विझवू नका, संदेशांना तुच्छ मानू नका, आणि सगळ्याची पारख करा. लोक त्यातलं आपल्या सोयीचं वाक्य तेवढं उचलतात.

लेकीला विचारलेला प्रश्न चूक नव्हता, भाऊ. वेळ चुकली. दारात उभ्या पोरीला आधी "बस, सांग" म्हणायचं असतं. वचन दुसऱ्या दिवशी काढता आलं असतं. अजूनही काही बिघडलेलं नाही, आज रात्रीच तिच्याकडे जा. मेसेज करू नका, समोर बसा.

वाटेवरचा_पाळक

सिस्टरांनी हृदयाच्या दुखण्याचं जे सांगितलं ते मी माझ्या वहीत उतरवून घेतलं आहे.

भाऊ, "समतोल" या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. समतोल म्हटलं की तराजू डोळ्यांपुढे येतो. एक पारडं खाली गेलं की दुसरं वर. म्हणजे शिकवण जरा कमी केली की अनुभव वाढेल, अनुभवाला लगाम घातला की शिकवण शुद्ध राहील. सेवेची पहिली दहा वर्षं मी असंच धरून चाललो. एका रविवारी जरा गाणी वाढवायची, पुढच्या रविवारी जरा संदेश लांबवायचा. त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

तुमच्या लेकीचं वाक्य पुन्हा वाचा. "माहीत होतं हो, पण काल कळलं." तुम्ही रोमकरांस पत्र तीनदा शिकवलंय, म्हणून विचारतो. पाचव्या अध्यायाच्या पाचव्या ओवीवर वर्गात किती वेळ थांबता? देवाची प्रीती पवित्र आत्म्याच्या द्वारे आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे, असं तिथे आहे. ओतली गेली आहे. शिकवली गेली, पटवून दिली गेली, असं पौल म्हणत नाही. आणि मग लगेच, तीनच ओव्या पुढे, ही प्रीती म्हणजे काय ते सांगतो. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. एक गोष्ट काळजात घडते, दुसरी यरुशलेमच्या वेशीबाहेर, एका ठरावीक दिवशी, आपल्याला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेली आहे. पौलाला या दोन गोष्टी वजन करून जुळवाव्या लागत नाहीत. जी प्रीती वधस्तंभावर दिसली तीच अंतःकरणात ओतली जाते. दुसरी कुठली ओतली जात असेल, म्हणजे जी माणसाला वधस्तंभाकडे न नेता स्वतःच्याच मोठेपणाकडे, किंवा एखाद्या सेवकाच्या मोठेपणाकडे नेते, तर ती ही नव्हे. पारख तिथे होते.

मी स्वतः बराच थांबतो तो अम्माऊसच्या वाटेवर. येशूला वधस्तंभावर मारल्यानंतरची गोष्ट, त्याचे दोन शिष्य खाली मान घालून चालले आहेत. पुन्हा उठलेला येशू सोबत चालतोय आणि त्यांना ओळखू येत नाही. तो काय करतो? चमत्कार दाखवत नाही, हाताच्या जखमा दाखवत नाही. मोशे आणि सर्व संदेष्टे यांच्यापासून सुरुवात करून शास्त्र समजावून सांगतो. यरुशलेमहून अम्माऊस म्हणजे दोन-तीन तासांची चाल. तेवढा वेळ त्यांनी, तुमच्या भाषेत सांगायचं तर, वर्ग केला. मग घरात भाकर मोडताना डोळे उघडले. आणि त्यानंतर ते एकमेकांना म्हणतात, तो वाटेने शास्त्र उलगडून सांगत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत जळत नव्हतं काय?

जळत होतं तेव्हा त्यांना ते कळलं नव्हतं. मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं. तुम्ही लिहिलंत की ताई गेल्यावर त्या अभ्यासाने सावरलं. भाऊ, तुम्हाला सावरलं कुणी? ३२५ आणि ४५१ हे आकडे सावरत नसतात. मला वाटतं लेकीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापाशी आहे, तुम्ही त्याला अनुभव म्हणालाच नाहीत इतकंच.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा इंग्लंडचा पाळक जॉन वेस्ली, त्याचं उदाहरण सगळेच देतात. त्याचं हृदय विलक्षण ऊबदार झालं, तारीख २४ मे १७३८. पण तेव्हा काय चाललं होतं हे फारसं कुणी सांगत नाही. रोमकरांस पत्राला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना कुणीतरी वाचून दाखवत होतं. प्रस्तावना! शिबिरात वाचली तर पोरं झोपतील. आणि आणखी एक गोष्ट. जेमतेम आठ महिन्यांनी, जानेवारी १७३९ मध्ये, याच वेस्लीने रोजनिशीत लिहिलं की मी आत्ता ख्रिस्ती नाही. इतकी कोरड. तरी तो १७९१ साली मरेपर्यंत संदेश देत राहिला. लेकीला हे आत्ताच सांगून ठेवा, कारण तिचीही ऊब कधीतरी ओसरेल, आणि त्या दिवशी तिला वाटू नये की देव निघून गेला.

जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकेतल्या पाळकाने १८ व्या शतकात मोठं संजीवन, म्हणजे लोकांमध्ये एकाएकी पसरलेली भक्तीची लाट, जवळून पाहिलं. त्याची पडझडही पाहिली. १७३५ मध्ये त्याच्याच नात्यातल्या एका माणसाने निराशेत जीव दिला, आणि त्यानंतर इतरांच्या मनातही तसेच विचार येऊ लागले हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. म्हणून तो पुढे इतका सावध झाला. अंग थरथरणं, डोळ्यांना धारा लागणं, एवढंच काय, वचन अचानक मनात येणं, यातून काहीच सिद्ध होत नाही असं तो म्हणतो. पण यामुळे अनुभव खोटाही ठरत नाही, हेसुद्धा तितक्याच ठामपणे म्हणतो. मध गोड असतो हे ऐकून माहीत असणं वेगळं आणि जिभेवर चाखणं वेगळं, हा दाखला त्याचाच. झाड ओळखायचं ते पुढच्या काही वर्षांच्या फळावरून.

आपल्या पंडिता रमाबाईंचंही बघा. बाप्तिस्मा १८८३ चा. पण आपल्या साक्षीत त्या लिहितात की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. तो पुढे कित्येक वर्षांनी सापडला. १९०५ मध्ये त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या, त्याची बातमी जगभर गेली. आणि त्याच रमाबाई आयुष्याच्या शेवटापर्यंत कसलं काम करत होत्या? हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं मराठी भाषांतर. शब्दकोश, व्याकरण, प्रुफं. ज्या बाईने एवढं संजीवन पाहिलं तिला धातूंची रूपं तपासत बसणं खालच्या दर्जाचं वाटलं नाही.

शेवटी अविलाची तेरेसा, कारण ती थेट तुमच्यासाठी आहे. १६ व्या शतकातली ही स्पेनमधली कॅथलिक संन्यासिनी. दर्शनं, आनंदातिरेक, सगळं तिने अनुभवलं. आपला अनुभव ती कुणापुढे मांडायची? तिने स्वच्छ लिहिलंय की पाप-निवेदन ऐकणाऱ्या अर्धवट शिकलेल्या धर्मगुरूंनी आपलं फार नुकसान केलं, खऱ्या विद्वानाने मात्र कधी फसवलं नाही. तुम्ही स्वतःला या कामाला नालायक समजताय. उलट आहे. तुमच्या लेकीच्या भोवती रडणारे पुष्कळ असतील. शास्त्र जाणणारा आणि शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस तिला कुठे मिळणार? ताईला तो मिळाला नव्हता.

वर्गाच्या तयारीबद्दल एकच. उतारा पहिल्यांदा वाचताना पेन हातात घेऊ नका. मोठ्याने वाचा, आणि त्यातलं एखादं वाक्य देवालाच परत सांगा. टिपणं नंतर.

शेवटच्या_बाकावरून

पास्टर, तुमचं बरंचसं पटलं. एक गोष्ट पटली नाही, ती आदराने सांगतो.

मी ४६ वर्षांचा आहे. जन्मापासून मंडळीत. मला कधीच काही जाणवलेलं नाही. ऊब नाही, शांती नाही, वचन वाचताना जळणं नाही. लहानपणी वाटायचं, पुढच्या शिबिरात होईल. नंतर वाटलं, माझ्यात काही पाप दडलं असेल. आता मी त्याबद्दल बोलतच नाही. साक्षींच्या वेळी खाली बघत बसतो. "तुम्ही त्याला अनुभव म्हणालाच नाहीत" हे या भाऊंच्या बाबतीत खरं असेल. पण प्रत्येकाच्या बाबतीत तसं म्हणू नका. काहींकडे मागे वळून पाहिलं तरी काही नसतं, आणि त्यांना तुम्ही आणखी शोधायला लावता.

तीन वर्षांपूर्वी आमचं मूल जन्माआधीच गेलं. बायको आत होती, मी बाहेर बाकावर. प्रार्थना करायची होती आणि एक शब्द सुचत नव्हता. तेव्हा तोंडातून आपोआप निघाला तो प्रेषितांचा विश्वासांगीकार, उपासनेत सगळे मिळून म्हणतात तो ख्रिस्ती विश्वासाचा छोटा सारांश. लहानपणापासून दर रविवारी म्हटलेला, बरेचदा लक्ष नसताना म्हटलेला. म्हणता म्हणता पंतय पिलाताच्या, येशूला मरणाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराच्या, नावावर मी अडलो. एवढ्याशा अंगीकारात एका सरकारी अधिकाऱ्याचं नाव कशाला, असं मला नेहमी वाटायचं. त्या बाकावर वाटलं, बरं झालं ते नाव आहे. देवाच्या पुत्राने दुःख भोगलं ते अमुक अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत, नोंद असलेल्या काळात. मला काही जाणवो न जाणवो, ते झालेलं आहे. मला बरं वाटलं नाही. फक्त पुढची ओळ म्हणता आली, मग त्याच्या पुढची.

शास्त्रात माझ्यासारख्यांसाठी जागा आहे म्हणून मी टिकलोय. ८८ वं स्तोत्र बघा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते कुणी काढून टाकलं नाही, आणि पहिल्याच ओळीत तो माणूस देवाला "माझ्या तारणाऱ्या" म्हणून हाक मारतो. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांना धक्का बसला, की दशकानुदशकं त्यांना आत अंधार होता. मला धक्का बसला नाही. मला सोबत मिळाली.

भाऊ, लेक विचारते तेव्हा "नाही, मला तसं काही जाणवलं नाही" हे उत्तर असेल तर तेही द्या. बापाला न जाणवताही बाप दर रविवारी उभा राहतो, हे कळणंही तिला पुढे उपयोगी पडेल.

वाटेवरचा_पाळक

बरोबर आहे तुमचं. मी घाई केली. शास्त्र तुम्हाला जागा देतं आणि मी ती जागा भरून टाकायला निघालो होतो. तुमच्या मुलासाठी आणि तुम्हा दोघांसाठी आज संध्याकाळी नाव न घेता प्रार्थना करेन.

रात्रपाळीची_सिस्टर

शेवटच्या बाकावरचे दादा, आमच्यासारख्या मंडळ्यांनी तुमच्यासारख्यांना फार दुखावलंय. "अजून उघडा, अजून मागा" असं म्हणत आम्ही माणसाच्या मागे लागतो. मीही लागले आहे. मला क्षमा करा.

एका_मुलीचा_बाप

तिघांचेही आभार. सिस्टरांनी आज रात्रीच जा म्हटलं होतं, मला पाच दिवस लागले.

काल जेवणं झाल्यावर तिच्या खोलीच्या दारावर टकटक केली. म्हटलं, त्या रात्रीचं सांग, मला ऐकायचंय. आधी "काही नाही हो" म्हणाली. मी उठलो नाही. मग हळूहळू सांगितलं. गाणं संपल्यावर कुणी बोलत नव्हतं. अंधार होता, शेजारची मैत्रीण रडत होती आणि ती तिच्यासाठी प्रार्थना करत होती. करता करता तिला वाटलं, हिच्याबद्दल मला एवढं वाटतंय तर देवाला माझ्याबद्दल किती वाटत असेल. बस्स, इतकंच. कुणी डोक्यावर हात ठेवला नव्हता, कुणी "प्रभू म्हणतो" म्हणालं नव्हतं. मी महिनाभर काय काय कल्पना करत होतो.

मग मी तिला ताईची गोष्ट सांगितली. आत्या आजाराने गेली एवढंच तिला ठाऊक होतं. ऑपरेशनची तारीख, ती सभा, कानात बोललेलं वाक्य, सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही तसं विचारलंत." मी मान हलवली. तिने विचारलं, "आत्याला ऊब वाटली होती ती खोटी होती का?" सिस्टर, मी तुमचा डाव्या हाताचा दाखला तसाच सांगितला.

आणि तिने तो प्रश्न पुन्हा विचारला. मला कधी काही जाणवलंय का.

मी सांगितलं की ताईला ठेवून आलो त्या रात्री झोप येईना म्हणून बायबल उघडलं होतं. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, तिथपर्यंत आलो आणि पुढे सरकता येईना. उजाडेपर्यंत तेवढंच वाचत होतो. डोळ्यांत पाणी आलं नाही, ऊब नाही, काही नाही. पण माझ्या आत जे कण्हत होतं ते मी एकटा कण्हत नाहीये, एवढं कळलं होतं. इतक्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. ते वचन मी तीनदा वर्गात शिकवलं आणि तिन्ही वेळा ग्रीक शब्दाचा अर्थ सांगून पुढे गेलो.

शेवटच्या बाकावरचे दादा, तुम्ही म्हणाल ते उत्तर द्यायची माझी तयारी होती. पण बोलायला लागलो आणि हे निघालं. हे काय होतं, त्याला अनुभव म्हणायचं की नाही, मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

लेक ऐकत होती. मग बायबल पुढ्यात ओढून म्हणाली, "कोणतं वचन, पप्पा? कितवी ओवी?"

सव्वीसावी. आम्ही दोघांनी वाचली.

सिस्टर, तुमच्या मंडळीचा तो दोन वडिलांचा आणि तीन गोष्टींचा नियम लिहून ठेवलेला असेल तर इथे टाकाल का? पुढच्या शिबिराच्या तयारीची बैठक रविवारी आहे आणि लेकीला तो तिथे मांडायचा आहे.